बॅटरीला दोष देण्याआधी

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी केलेलं भाषण)



संयोजकांनी फोन करून विचारलं, "तू कशावर बोलणार?" मी म्हटलं, "जुन्या मोटारसायकलच्या बॅटरीवर." पलीकडे जरा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "अरे, एक जण हृदयविकारावर बोलतोय, एक जण निवृत्तीनंतरच्या गुंतवणुकीवर, आणि तू बॅटरीवर?" मी म्हटलं, "मला तेवढंच येतं."

हे अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं कारण समोर पहिल्या रांगेत बसलंय. आपले विज्ञानाचे सर. त्यांच्या दोन बॅटऱ्यांचे पैसे माझ्याकडून येणं आहेत. एक रात्रही येणं आहे. पैसे सर घेत नाहीत आणि रात्र परत करता येत नाही. म्हणून आज हे सगळ्यांसमोर सांगून टाकतो. सांगता सांगता ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे, त्यांच्या उपयोगाचं चार गोष्टी बोलेन. परवा व्हॉट्सअॅपवर विचारलं तेव्हा कळलं की आपल्यापैकी अकरा जणांकडे वडिलांची नाहीतर स्वतःची जुनी गाडी अजून आहे. कुणाची बुलेट, कुणाची येझदी, कुणाची आरएक्स हंड्रेड, दोघांच्या जुन्या स्प्लेंडर. आणि अकरापैकी सात जणांचं म्हणणं एकच, "गाडी चांगली आहे रे, फक्त बॅटरी टिकत नाही."

या एका वाक्यावरच मला बोलायचंय.

प्रयोगशाळेतला एक तास आठवा. टेबलावर तांब्याच्या तारेचं वेटोळं, त्याला जोडलेला गॅल्व्हनोमीटर आणि सरांच्या हातात पट्टीचा चुंबक. चुंबक वेटोळ्यात घातला की काटा एका बाजूला, बाहेर काढला की दुसऱ्या बाजूला, आणि नुसता धरून ठेवला की काटा मध्यावर. फॅरडेनं १८३१ साली हेच पाहिलं होतं, असं सर म्हणाले. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, याचा उपयोग काय?" तो कोण होता ते मी सांगत नाही, तोही आज आलाय. सरांनी उत्तर दिलं नाही. पुढच्या महिन्यात आपली सहल कोयनेला गेली. धरणाच्या भिंतीकडे पाहत सर म्हणाले, "त्या दिवशी चुंबक मी हलवत होतो. इथे ते काम पाणी करतं. फरक एवढाच."

आणि तेच यंत्र रोज आपल्या शाळेच्या पटांगणात उभं असायचं. सरांची काळी बुलेट. तिच्या इंजिनाच्या डाव्या बाजूला, प्रायमरी चेनच्या झाकणाआड, क्रँकच्या टोकावर चुंबकांचं एक चाक फिरतं. त्याच्याभोवती तारेची वेटोळी स्थिर बसवलेली असतात. हा आल्टर्नेटर. कोयनेत चाक पाणी फिरवतं, इथे पिस्टन. बाकी गोष्ट तीच.

शाळा सुटली की आपण सायकली धरून उभे राहायचो ते सर गाडी कशी चालू करतात ते बघायला. किल्ली चालू. मग किक हळूच दाबायची. हेडलाइटच्या टोपावर एक छोटा अँमीटर असतो, त्याचा काटा डावीकडे पडायचा. किक आणखी थोडी दाबली की एका क्षणी काटा मध्यावर यायचा. तिथेच थांबायचं. डाव्या हातानं डिकॉम्प्रेसरची तरफ ओढायची, किक जराशी पुढे सरकवायची, सोडून द्यायची. आणि मग एकच सणसणीत किक. धग, धग, धग. आपल्याला ती जादू वाटायची. मला ती पुढे आयटीआयला गेल्यावर समजली. पॉइंट मिटलेले असताना बॅटरीतून कॉइलमध्ये करंट जातो म्हणून काटा डावीकडे. पॉइंट उघडले की करंट थांबतो म्हणून काटा मध्यावर. आणि पॉइंट उघडतात ते पिस्टन दाब घेऊन वर येत असताना. म्हणजे तो छोटा काटा बंद इंजिनाच्या आत पिस्टन कुठे आहे ते बाहेर सांगत होता.

आता मुख्य मुद्दा. अशा जुन्या पॉइंटवाल्या बुलेटमध्ये ठिणगी बॅटरीच्या जिवावर पडते. इंजिन चालायला ठिणगी हवी, ठिणगीला बॅटरी हवी, आणि बॅटरी भरायला चालणारं इंजिन हवं. आल्टर्नेटर जो करंट देतो तो उलटसुलट वाहणारा, एसी. बॅटरीला चालतो एका दिशेचा, डीसी. ते काम रेक्टिफायर करतो. आणि इंजिन जोरात फिरायला लागलं की व्होल्टेज वाटेल तेवढं चढू नये म्हणून रेग्युलेटर. पुढच्या गाड्यांत हे दोन्ही एकाच डब्यात येतात. आल्टर्नेटर, रेग्युलेटर, बॅटरी आणि त्यांना जोडणारी वायर असं हे चार जणांचं कुटुंब आहे. पण घरात काहीही बिघडलं की बोल बॅटरीलाच लागतो, कारण आजारी तीच दिसते.

आरएक्स हंड्रेड किंवा जुन्या स्प्लेंडरचं तसं नाही. त्यांची ठिणगी वेगळ्या कॉइलमधून येते. बॅटरी मेली तरी गाडी किकवर चालू होते, फक्त हॉर्न आणि इंडिकेटर बसतात. त्यामुळे त्या गाड्यांचे मालक वर्षानुवर्षं मेलेली बॅटरी घेऊन फिरतात. बुलेटवाल्याला ती सवलत नाही. त्याची बॅटरी संपली की तो असेल तिथे उभा.

तर माझी गोष्ट. २०१७ साली सरांना पासष्ट वर्षं झाली. माझं गॅरेज तोवर बऱ्यापैकी चाललं होतं. मला वाटलं, सरांसाठी काहीतरी करावं. मी त्यांची गाडी आणली आणि पूर्ण उघडून रंगवली. चेसिस, टाकी, मडगार्ड, छोट्यात छोटी पट्टीसुद्धा. वायरिंग नवीन केलं. हेडलाइटला आधी ३५ वॅटचा बल्ब होता. सरांचं वय झालं, रात्री नीट दिसावं म्हणून मी ६० वॅटचा हॅलोजन घातला. गाडी घरी नेऊन उभी केली तेव्हा काकूंनी तिला ओवाळलं. मी एक पैसा घेतला नाही. ते मी चार ठिकाणी सांगितलंही, हेही कबूल करतो.

पाच महिन्यांनी सरांचा फोन. बॅटरी उतरते. मी म्हटलं, "सर, जुनी झाली असेल." नवी बसवली. त्यानंतर सर एकदा सहज म्हणाले, "अरे, काटा पूर्वीसारखा उजवीकडे जात नाही." मी म्हटलं, "सर, बॅटरी नवी आहे, भरलेली आहे. भरलेल्या बॅटरीला करंट लागत नाही, म्हणून काटा मध्यावर राहतो." हे वाक्य पुस्तकात बघाल तर बरोबर आहे. म्हणूनच ते जास्त घातक ठरलं. जुलैत ती नवी बॅटरीही बसली. मी म्हटलं, "हल्ली माल पूर्वीसारखा येत नाही सर." दुसरी बसवली. दोन्ही वेळा पैसे सरांनी दिले, कारण बॅटरी विकत आणावी लागते आणि सर मला पदरमोड करू देत नाहीत.

ऑगस्टमध्ये सर आणि काकू चिपळूणला लेकीकडे गेले होते. परत निघायला उशीर झाला. कुंभार्ली घाट तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. ऑगस्टमधली संध्याकाळ, पाऊस आणि दहा फुटांवरचं दिसू नये असं धुकं. घाट चढताना हेडलाइट पिवळा पडायला लागला. मग तांबडा. मग इंजिन खोकायला लागलं, आणि एका वळणावर सगळंच बंद. दिवा नाही, इंजिन नाही, हॉर्न नाही. मागचा तांबडा दिवासुद्धा नाही.

सरांनी गाडी डोंगराच्या बाजूला ओढली आणि काकूंना गटारीच्या पलीकडे उभं केलं. पिशवीतली छोटी बॅटरी, म्हणजे विजेरी, ती हातात धरून सर वळणावर उभे राहिले. एक ट्रक आला. धुक्यात त्याला ती विजेरी फार उशिरा दिसली. सर सांगतात की ट्रकचा आरसा गाडीच्या हँडलला लागून गेला. हँडल वाकलं, एवढंच. पुढे तासाभरानं दुधाचा टेम्पो आला, त्यानं दोघांना कोयनानगरला आणून सोडलं.

सकाळी मला फोन आला. मला वाटलं, आता सर रागावणार. ते म्हणाले, "गाडी घाटात आहे. आणायची व्यवस्था कर." मी म्हटलं, "सर, बॅटरी मी आजच बदलून..." त्यांनी मला थांबवलं आणि विचारलं, "तू मोजलं होतंस का?"

मी गप्प. कारण मी मोजलं नव्हतं. दोन बॅटऱ्या बदलल्या, पण एकदाही मीटर लावला नव्हता. माझ्या गॅरेजात तीन मीटर आहेत.

चार दिवसांनी सर गॅरेजवर आले. स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "मी हात लावणार नाही. तू मोज आणि आकडा मोठ्यानं सांग." माझ्याकडची चार पोरं बघत होती. वय वर्षं चाळीस, आणि पुन्हा नववीतली तोंडी परीक्षा.

बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावून उतरवलेली होती. "१२.७, सर." म्हणजे बॅटरी निर्दोष. इंजिन चालू केलं, थोडं चढवलं, बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावला. "१२.९." तिथे १४च्या आसपास हवं. "आता रेग्युलेटरच्या आउटपुटवर, पण काळी पिन बॅटरीला नको, रेग्युलेटरच्याच अंगाला लाव." लावली. "१४.२." सर म्हणाले, "तो पाठवतोय १४.२, पोचतंय १२.९. मधले १.३ व्होल्ट कुठे गेले?"

मी एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी रेग्युलेटरच्या अंगाला. दोन्ही अर्थ. त्यांच्यात फरक जवळजवळ शून्य हवा. मीटरनं १.३ दाखवले. मग माझ्या लक्षात आलं आणि कानशिलं तापली. रेग्युलेटर चेसिसच्या ज्या पट्टीवर बसतो, त्या पट्टीवरून त्याचा अर्थ परत जातो. ती पट्टी मी रंगवली होती. छान, जाड, तीन हात. रंगातून करंट जात नाही. बोल्टच्या आट्यांतून जेवढा झिरपत होता तेवढ्यावर सरांची बुलेट वर्षभर चालली. वर मी ६० वॅटचा दिवा लावून ठेवलेला, तो एकटा ५ अँपिअर ओढणार. बॅटरी होती ५ अँपिअर-अवरची. दिवसा जेमतेम भागायचं. रात्री घाट चढताना जमा कमी आणि खर्च जास्त.

सर म्हणाले, "अडथळा तोच, करंट वाढला की त्याच्यावरचं व्होल्टेज वाढणार. ओहमचा नियम. तुला दहावीत त्यावर दोन गुण होते."

पॉलिश पेपरनं रंग खरवडला, बोल्ट आवळला आणि रेग्युलेटरपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक वेगळी जाड वायर ओढली. खर्च चाळीस रुपये. पुन्हा मीटर लावला. १४.१. ३५ वॅटचा जुना बल्ब परत घातला. आणि ती जी 'खराब' बॅटरी मी काढून टाकणार होतो, ती पुढे साडेचार वर्षं चालली.

मित्रांनो, यातून मी जे शिकलो ते गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवलंय. बॅटरी बदलण्याआधी मोजा. तुम्हीही मोजू शकता. काही शे रुपयांत मल्टिमीटर मिळतो. आपण सगळे नववी-दहावीत शिकलो त्याहून जास्त त्याला लागत नाही.

पहिलं मोजमाप गाडी बंद असताना. रात्रभर उभी राहिलेली गाडी, किल्ली बंद. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना लावा. १२.६ ते १२.८ आलं तर बॅटरी भरलेली आहे. १२.४च्या खाली गेलं तर तिला चार्जिंगची गरज आहे. १२.०च्या आसपास म्हणजे ती जवळपास रिकामी आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात, प्रत्येकाचे दोन व्होल्टहून थोडे जास्त. पूर्ण चार्ज करूनही साडेदहाच्या आसपासच अडकत असेल तर एक कप्पा गेला. तेव्हा मात्र बॅटरी खरंच बदला. ज्यांची गाडी ६ व्होल्टची आहे त्यांनी हे आकडे निम्मे धरावेत.

दुसरं, इंजिन चालू असताना. आयडलवर बघू नका, जुने आल्टर्नेटर आयडलवर फार देत नाहीत. इंजिन मध्यम वेगात ठेवा. १३.८ ते १४.५च्या दरम्यान हवं. १३च्या खाली राहत असेल तर माल पोचत नाही. १५च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला. मग बॅटरी उकळते, पाणी सारखं कमी होतं, बल्ब उडतात. दोन्ही बाबतींत बळी बॅटरीचा जातो, गुन्हा दुसऱ्याचा असतो. आणि हे बघताना चालू इंजिनावर बॅटरीची वायर कधी काढू नका. बॅटरी नसताना व्होल्टेज उसळी मारतं आणि बल्ब, रेग्युलेटर दोन्ही जातात.

तिसरं, अर्थ. इंजिन चालू, हेडलाइट चालू. एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला, मग चेसिसला, मग रेग्युलेटरच्या अंगाला. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला की तो सांधा उघडा, खरवडा, आवळा. जुन्या गाडीतले निम्मे विजेचे आजार इथेच बरे होतात. नव्यानं रंगवलेल्या जुन्या गाडीतले तर निम्म्याहून जास्त. गाडी रंगवून आणली असेल तर आज घरी जाऊन हे आधी बघा.

चौथं, गळती. गाडी बंद असताना करंट कुठे झिरपतोय का? बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि ती वायर व बॅटरीचं टोक यांच्यामध्ये इंडिकेटरचा छोटा बल्ब जोडा. किल्ली बंद असताना बल्ब पेटला तर कुठेतरी वायर सोलून चेसिसला लागलीय. नाहीतर मागच्या ब्रेकचा स्विच अडकून दिवा चालू राहिलाय. आणि पॉइंटवाल्यांनो, किल्ली चालू ठेवून चहाला जाऊ नका. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तीन-चार अँपिअर पीत राहते. चहा आणि गप्पा दोन तास चालल्या की बॅटरीही संपते, कॉइलही भाजते.

आता देखभाल. यात काही मोठं शास्त्र नाही. पाण्याची बॅटरी असेल तर महिन्यातून एकदा बाहेरून पातळी बघा. वरच्या आणि खालच्या रेघेच्या मध्ये हवी. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर. नळाचं नको, घरच्या फिल्टरचंही नको. पिण्याला चांगलं पाणी बॅटरीला चांगलं असेलच असं नाही. अॅसिड तर कधीच घालू नका. उडून जातं ते पाणी, अॅसिड आतच राहतं. चार्जिंग क्षमतेच्या दहाव्या हिश्श्यानं करा. ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला अर्धा अँपिअर, दहा-बारा तास. ट्रकच्या चार्जरवर तासाभरात 'फास्ट' करून घेतलेली छोटी बॅटरी आतून वाकते. चार्जिंग करताना पाण्याच्या बॅटरीची बुचं सैल करा, जागा हवेशीर ठेवा आणि जवळ विडी-काडी नको. त्यातून हायड्रोजन निघतो आणि एका ठिणगीवर बॅटरी फुटते. अॅसिड अंगावर उडालं तर भरपूर पाण्यानं धुवा. डोळ्यात गेलं तर पाणी मारत मारतच डॉक्टरकडे पळा.

बॅटरी काढताना अर्थची वायर आधी, बसवताना शेवटी. पाना चुकून चेसिसला टेकला तरी मग ठिणगी उडत नाही. कोणतं टोक अर्थ आहे ते आधी बघून घ्या, काही फार जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर बुचं घट्ट लावून खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, कोरडं करा, व्हॅसलिनचं बोट फिरवा. बॅटरीची बारीक नळी खाली मोकळी सुटली आहे ना ते बघा. ती दुमडली की अॅसिडची वाफ चेसिस खाते. फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची विद्या आपण सगळे शिकलोय, ती आता विसरा. फ्यूजऐवजी वायरिंग जळतं.

'मेंटेनन्स फ्री' बॅटरी घेतली असेल तर तिला पाणी लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. चार्जिंग तिलाही लागतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं ते उभ्या गाडीबद्दल. तुमच्यातले बरेच जण पुण्या-मुंबईला, काही परदेशात. वडिलांची गाडी गावाकडे ताडपत्रीखाली. गणपतीत आलात की चालू करायला जाता आणि बॅटरी मेलेली. मग नवी. पुढच्या गणपतीत पुन्हा नवी. ही बॅटरी वापरानं मरत नाही, उपासानं मरते. लेड-अॅसिड बॅटरी नुसती ठेवली तरी हळूहळू उतरते. उतरलेल्या बॅटरीत प्लेटांवर लेड सल्फेट साचतं. ताजं असतं तोवर चार्जिंगनं विरघळतं. महिनोन्महिने राहिलं की त्याचे टणक खडे होतात आणि मग कितीही चार्ज करा, जागा परत मिळत नाही. म्हणून गाडी उभी ठेवणार असाल तर बॅटरी काढून कोरड्या जागी ठेवा आणि महिन्यातून एकदा कुणाला तरी सांगून चार्ज करवून घ्या. पाच मिनिटं इंजिन धडधडवून बंद करण्यानं काही होत नाही. आयडलवर गेलं तेवढंही परत भरत नाही. चालवायची तर अर्धा तास, रस्त्यावर.

मेलेली बॅटरी उकिरड्यावर फेकू नका, अॅसिड गटारीत ओतू नका. आत शिसं आहे. दुकानदार ती वजनावर घेतो आणि नव्या बॅटरीच्या किमतीत वजा करतो.

शेवटचं, त्या काट्याबद्दल. सरांना मी जे सांगितलं होतं की भरलेल्या बॅटरीत काटा मध्यावर राहतो, ते बरोबर होतं. पण काहीच येत-जात नसतानाही तो मध्यावर राहतो. दोन्हींतला फरक ओळखायची रीत सोपी आहे. इंजिन आयडलवर असताना हेडलाइट लावा. बॅटरीवर चालणारा हेडलाइट असेल तर काटा डावीकडे झुकेल. मग अॅक्सिलरेटर द्या. काटा मध्य ओलांडून उजवीकडे आला तर चार्जिंग ठीक. डावीकडेच राहिला तर काहीतरी अडलंय. ही दहा सेकंदांची परीक्षा मी केली असती तर सर आणि काकू त्या रात्री वेळेवर घरी पोचले असते. काटा मला सांगत होता. सरही सांगत होते. मी दोघांनाही समजावत बसलो.

दोन बॅटऱ्यांचे पैसे मी पाकिटात घालून सरांकडे घेऊन गेलो होतो. त्यांनी पाकीट उघडलं नाही. म्हणाले, "मला नको. स्नेहमेळाव्यात सगळ्यांना सांग, कसं चुकलं ते. नुसतं कसं करावं ते सांगू नकोस." म्हणून आज उभा राहिलो.

सर, तुमची बुलेट बाहेर चिंचेखाली उभी आहे, आज मीच चालवत आणली. काकू, रात्रीच्या आत तुम्हाला घरी सोडतो. आणि ज्या अकरा जणांकडे जुन्या गाड्या आहेत त्यांनी जेवण झालं की बाहेर या. मीटर आणलाय. मी हात लावणार नाही. तुम्ही मोजायचं आणि आकडा मोठ्यानं सांगायचा.